गहाण पडलेली ध्वनिमुद्रिका

ग्रंथांच्या इतिहासात पहिल्या आवृत्तीस जो मान मिळतो, तो दुसरीच्या वाट्यास सहसा येत नाही. संग्राहक पहिली आवृत्ती जपून ठेवतो, सूचीकार तिचे वर्ष नोंदवितो, आणि पहिली संपली म्हणून दुसरी निघाली असेल असे आपण गृहीत धरून चालतो. परंतु दोन आवृत्त्यांमधल्या काळात ते पुस्तक कोणाच्या ताब्यात होते, कोणी ते छापू दिले आणि कोणी अडवून धरले, याचा शोध घेतला, तर पुस्तकातील मजकुराइतकाच बोलका इतिहास पुष्कळदा हाती लागतो. ध्वनिमुद्रिकांचेही तसेच आहे. अमेरिकेत ‘नाइन इंच नेल्स’ या नावाने १९८९ साली निघालेली ‘प्रिटी हेट मशीन’ ही ध्वनिमुद्रिका आणि २०१० साली निघालेली तिची सुधारलेली आवृत्ती, यांच्यामधल्या २१ वर्षांचा वृत्तान्त या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. धनाच्या पूजेवर कोरडे ओढणाऱ्या गीताने जिचा आरंभ होतो, ती ध्वनिमुद्रिकाच पुढे एका कर्जापोटी अडकून पडली, ही त्या वृत्तान्तातील मुख्य गोष्ट होय.

ज्या संगीतप्रकाराची ही निर्मिती, त्याला ‘इंडस्ट्रिअल’, म्हणजे कारखानी, असे नाव आहे. आपल्यापैकी अनेकांचा त्याच्याशी परिचय नसेल. झाला असेल तर तो घरातील तरुण मंडळींच्या खोलीचे दार उघडे राहिल्यामुळेच झाला असेल. हे नाव रूढ झाले लंडनमध्ये. हल या बंदराच्या शहरातून आलेल्या काही बंडखोर कलावंतांनी ‘थ्रॉबिंग ग्रिसल’ नावाचा संच काढला, आणि १९७६ साली ‘इंडस्ट्रिअल रेकॉर्ड्‌स’ ही स्वतःची प्रकाशनसंस्था स्थापन केली. कारखान्याच्या युगातील माणसांना त्याच युगाचे संगीत हवे, अशी त्यांची घोषणा होती. पुढे १९८० साली पश्चिम बर्लिनमध्ये एक संच उभा राहिला. त्याच्या जर्मन नावाचा अर्थ ‘कोसळणाऱ्या नव्या इमारती’ असा होतो. त्याने लोखंडी पत्रे, भोके पाडण्याची यंत्रे आणि भंगारातील वस्तू हीच आपली वाद्ये मानली. कॅनडातील व्हँकूव्हर शहरी ‘स्किनी पपी’ आणि शिकागोत ‘मिनिस्ट्री’ या संचांनी हीच वाट पुढे नेली. या मंडळींच्या रचनांत यंत्राची घरघर होती, किंचाळी होती, फितीवर उचललेल्या ध्वनींचे तुकडे होते. परंतु गुणगुणता येईल असे गाणे क्वचितच होते. रसिकवर्ग लहान, आणि तो तसाच राहावा अशी पुष्कळांची इच्छाही दिसे.

या आडवाटेवर चाल आणि ध्रुवपद घेऊन आला तो ट्रेंट रेझ्नर हा तरुण. त्यांचा जन्म १७ मे १९६५ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्याच्या पश्चिम भागात झाला, आणि बालपण मर्सर या लहानशा गावी आजीआजोबांच्या घरी गेले. पियानोचे रीतसर शिक्षण त्यांना लहान वयातच मिळाले. मर्सरच्या एका अंगास पिट्सबर्ग, दुसऱ्या अंगास यंग्जटाउन आणि क्लीव्हलंड. पोलादाच्या भट्ट्यांनी अमेरिकेचे शतक घडविले तो हा पट्टा. रेझ्नर बारा वर्षांचे असताना, १९ सप्टेंबर १९७७ रोजी, यंग्जटाउनमधील एका मोठ्या पोलाद कारखान्याने आपला मुख्य विभाग बंद करीत असल्याचे जाहीर केले आणि काही हजार कामगार एका दिवसात निराधार झाले. तो दिवस त्या भागात ‘काळा सोमवार’ म्हणून आजही ओळखला जातो. बंद पडलेल्या गिरण्यांतूनच हे संगीत जन्मले असा सरळ कार्यकारणभाव मांडणे धाडसाचे ठरेल. परंतु ज्या प्रदेशात यंत्रे एकामागून एक थंड होत होती, त्याच प्रदेशातील एका मुलाने यंत्राच्या आवाजात आपले दुःख सांगावे, हा योग इतिहासाच्या अभ्यासकाने नोंदवून ठेवावा असाच आहे.

महाविद्यालयात एक वर्ष संगणक अभियांत्रिकी शिकून रेझ्नर यांनी शिक्षण सोडले व क्लीव्हलंड गाठले. तेथे ‘राइट ट्रॅक’ नावाच्या ध्वनिमुद्रणगृहात त्यांना साहाय्यकाची नोकरी मिळाली. झाडलोटीपासून तारा जोडण्यापर्यंत सारीच कामे त्या नोकरीत येत. मालक बार्ट कोस्टर यांनी त्यांना एक सवलत दिली: गिऱ्हाईक नसेल त्या वेळी ध्वनिमुद्रणगृह त्यांनी स्वतःच्या कामासाठी वापरावे. या रिकाम्या वेळात, बहुधा रात्री, ‘प्रिटी हेट मशीन’ची पहिली रूपे तयार झाली. मनासारखे वादक मिळेनात, म्हणून त्यांनी जवळजवळ सर्व वादन एकट्याने केले; अमेरिकन गायक प्रिन्स यांचा आदर्श त्यांच्यासमोर होता. सोबतीला होते एक मॅकिंटॉश संगणक आणि काही कळफलकी वाद्ये. कोणताही आवाज, मग तो ढोलाचा असो की दार आपटल्याचा, क्षणभर पकडून कळफलकावर बसवायचा आणि संगणकाकडून हव्या त्या लयीत वाजवून घ्यायचा, अशी ही रीत. पूर्वी एका संपूर्ण वाद्यवृंदास जे जमले असते, ते आता एका खोलीत एकटा माणूस करू शकत होता. म्हणूनच ‘नाइन इंच नेल्स’ हे नाव संचाचे असले, तरी ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर त्याचा अर्थ ट्रेंट रेझ्नर एवढाच दिलेला आहे.

या नमुन्यांवरून त्यांच्याशी करार केला न्यूयॉर्कच्या टीव्हीटी रेकॉर्ड्‌स या स्वतंत्र प्रकाशनसंस्थेने. स्टीव्ह गॉटलीब यांच्या या संस्थेचे नाव तोवर झाले होते ते जुन्या दूरचित्रवाणी मालिकांच्या शीर्षकधुनांचे संग्रह विकण्यासाठी. धुनांच्या या व्यापाऱ्याकडे यंत्रयुगाचा हा विलापगायक जावा, हा विनोदी योग होता. परंतु हातात दुसरा मोठा करार नव्हता. पुढचे काम क्लीव्हलंड, बोस्टन, न्यूयॉर्क आणि लंडन अशा ठिकाणी झाले, आणि फ्लड, जॉन फ्रायर, एड्रियन शेरवुड व कीथ लब्लँक या नामांकित निर्मात्यांचे हात त्यास लागले. २० ऑक्टोबर १९८९ रोजी दहा गीतांची ही ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली. रेझ्नर यांनी पुढे मुलाखतींतून सांगितल्याप्रमाणे, तयार झालेले काम ऐकून संस्थेचे प्रमुख नाराज झाले होते.

गीतांचा विषय सांगायचा तर तो एका पंचविशीच्या आतील तरुणाचा आहे: प्रेमातील फसवणूक, देवाशी भांडण, स्वतःविषयीची घृणा. ‘हेड लाइक अ होल’ या पहिल्याच गीतात पैशालाच देव मानणाऱ्या जगास त्याने उद्देशिले आहे, आणि त्या देवापुढे मान तुकविण्यापेक्षा मरण बरे असा त्याचा आवेश आहे. दुसरीकडे ‘समथिंग आय कॅन नेव्हर हॅव’ हे संथ गीत. त्यात पियानोचे थोडेसे स्वर आणि खोलवर कुठेतरी चाललेल्या यंत्राची धडधड एवढ्यावरच करुण रस उभा राहतो. कारखानी संगीताच्या कर्मठ भक्तांना यातील गोडवा अपथ्यकर वाटला. परंतु ज्यांनी ते संगीत कधी ऐकलेच नव्हते अशा असंख्य तरुणांना त्याचे दार याच गोडव्याने उघडून दिले. वेष्टनावरचे गॅरी टॅल्पस यांनी रचलेले चित्रही असेच दुहेरी आहे. ते आहे टर्बाइनच्या पात्यांचे छायाचित्र. परंतु उभे ताणल्यामुळे ती पाती माणसाच्या छातीच्या फासळ्यांसारखी दिसतात.

याच काळातील एक हकीकत सरकारी दप्तराशी ज्यांचा संबंध आहे त्यांना विशेष रुचेल. ‘डाउन इन इट’ या गीताचे चित्रीकरण १९८९ साली शिकागोत चालले होते. शेवटच्या दृश्यात रेझ्नर मृतवत् रस्त्यावर पडलेले दाखवायचे होते, आणि वरून दृश्य टिपण्यासाठी कॅमेरा फुग्यांना बांधून सोडला होता. बांधलेली दोरी तुटली, आणि कॅमेरा वाऱ्याबरोबर सरोवरापलीकडे मिशिगन राज्यात एका शेतात जाऊन उतरला. शेतकऱ्याने तो पोलिसांच्या स्वाधीन केला. फिल्म धुऊन पाहतात तो रस्त्यावर एक प्रेत, आणि त्यापासून दूर जाणारी माणसे! प्रकरण थेट केंद्रीय तपास संस्थेकडे, एफबीआयकडे, गेले. बऱ्याच तपासानंतर ते ‘प्रेत’ गावोगाव गाण्याचे जलसे करीत हिंडत असल्याचे आढळून आले आणि फाइल बंद झाली.

ध्वनिमुद्रिकेचा खप प्रथम मंद होता. परंतु रेझ्नर सतत दौरे करीत राहिले, आणि १९९१ सालच्या पहिल्या ‘लोलापलूझा’ या फिरत्या संगीतोत्सवाने त्यांचे नाव देशभर झाले. अमेरिकेतील ‘बिलबोर्ड’च्या यादीत ही ध्वनिमुद्रिका ७५ व्या क्रमांकाच्या वर कधी गेली नाही, तथापि ती विकली जात राहिली. १९९२ साली तिने तेथील दहा लाख प्रतींचा टप्पा गाठल्याचे प्रमाणपत्र मिळविले, आणि स्वतंत्र संस्थेने काढलेल्या ध्वनिमुद्रिकेस हे तेव्हा दुर्मीळ होते. २००३ साली हेच प्रमाणपत्र तीस लाखांचे झाले.

यश आले आणि कलह सुरू झाला. दुसरे काम कसे असावे याविषयी प्रकाशनसंस्थेचा आग्रह एक, कलावंताचा हट्ट दुसरा. करार संस्थेच्या बाजूने भक्कम होता. रेझ्नर यांनी मग परभारे, निरनिराळ्या नावांनी, आपले पुढील ध्वनिमुद्रण गुप्तपणे केले, जेणेकरून संस्थेने त्यावर हात टाकू नये. अखेरीस इंटरस्कोप या मोठ्या संस्थेने मध्ये पडून टीव्हीटीशी तडजोड केली, आणि सप्टेंबर १९९२ मध्ये ‘ब्रोकन’ हे लहान ध्वनिमुद्रण बाहेर पडले. त्यातील ‘विश’ या गीतास पुढच्या वर्षी ग्रॅमी पारितोषिक लाभले. १९९४ सालच्या ‘द डाउनवर्ड स्पायरल’ने तर रेझ्नर यांना त्या पिढीच्या अग्रगण्य कलावंतांत नेऊन बसविले. परंतु पहिले अपत्य जुन्याच घरी राहिले. ‘प्रिटी हेट मशीन’चे हक्क टीव्हीटीकडेच होते.

येथे हक्कांची घडण समजून घेतली पाहिजे. एका गाण्याला दोन मालकी असतात. शब्द आणि चाल ही रचना. तिचा हक्क एक. ती रचना अमुक दिवशी, अमुक खोलीत, अमुक कंठाने गायिली, त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा हक्क दुसरा. नवोदित कलावंत करारावर सही करतो तेव्हा प्रकाशनसंस्था आगाऊ रक्कम देते आणि मोबदल्यात ध्वनिमुद्रणाची मालकी बहुधा घेऊन बसते. आपल्याकडील महसुली भाषेत सांगायचे, तर कसणाऱ्याचे नाव गावभर ठाऊक असते; सातबाऱ्यावर नाव मात्र दुसऱ्याचे. आणि सातबारा ज्याच्या नावे, त्याला त्यावर बोजाही चढविता येतो.

१९९०च्या दशकाच्या अखेरीस असे बोजे चढविण्याची एक नवी रीत अर्थव्यवहारात आली. १९९७ साली डेव्हिड बोवी या थोर इंग्रज गायकाने आपल्या जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या भावी उत्पन्नावर रोखे काढून साडेपाच कोटी डॉलर उभे केले. ते रोखे प्रुडेन्शिअल या विमासंस्थेने विकत घेतले. दोनच वर्षांपूर्वी रेझ्नर यांनी याच बोवी यांच्यासमवेत अमेरिकेचा दौरा केला होता. बोवी यांनी तारण ठेवले ते स्वतःच्या मालकीचे होते. टीव्हीटीने १९९९ साली आपल्या संग्रहातील ध्वनिमुद्रिकांच्या हक्कांवर कर्ज काढले तेव्हा तसे नव्हते. कर्ज संस्थेचे, पैसा संस्थेला, आणि तारणात इतरांच्या कंठातून निघालेले सूर. कर्जाची फेड झाली नाही, प्रकरण न्यायालयात गेले, आणि ‘प्रिटी हेट मशीन’चे हक्क प्रुडेन्शिअल सिक्युरिटीज या अर्थसंस्थेच्या हाती गेले. धनदेवतेविरुद्धचे ते गीत आता अक्षरशः सावकाराच्या पेटीत होते.

या साठमारीत ध्वनिमुद्रिका दुकानांतून काही काळ दिसेनाशी झाली. जुन्या प्रती चढ्या किमतीस जाऊ लागल्या. ‘द डाउनवर्ड स्पायरल’ची उत्तम आवृत्ती दहा वर्षांच्या निमित्ताने २००४ साली निघाली होती, पहिल्या ध्वनिमुद्रिकेचेही तसेच काही करावे अशी रेझ्नर यांची इच्छा होती. हक्क लिलावास निघाले तेव्हा रायकोडिस्क या संस्थेने ते घेऊ पाहिले. ते तिला मिळाले नाहीत; केवळ प्रकाशनाचा परवाना मिळाला. रेझ्नर यांनी सांगितले ते असे, की सुधारलेली आवृत्ती करण्यास संस्था राजी होती, पण तिच्या सिद्धतेचा खर्च कलावंताने सोसावा अशी तिची अट होती. तो योग जुळला नाही. नोव्हेंबर २००५ मध्ये ध्वनिमुद्रिका पुन्हा बाजारात आली ती जशीच्या तशी, कर्त्याचा हात न लागता. वाचकाची गैरसोय दूर करणारे, परंतु मुद्रितशोधनही न झालेले पुनर्मुद्रण जसे असते, तसे हे होते. २००८ च्या फेब्रुवारीत टीव्हीटी संस्थेने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि तिचा अध्याय संपला.

पुढे २९ मार्च २०१० रोजी ‘बायसिकल म्युझिक कंपनी’ने या ध्वनिमुद्रणाचे हक्क विकत घेतले, आणि नव्या मालकाने कर्त्यास बोलाविले. त्याच वर्षी २२ नोव्हेंबरला सुधारलेली आवृत्ती निघाली. टॉम बेकर यांनी ध्वनीची अखेरची घडण, जिला मास्टरिंग म्हणतात, ती नव्याने केली. सर्व वाद्ये व कंठ एकत्र आल्यानंतर अखेरच्या तबकडीसाठी आवाजाची पातळी, जाडी आणि धार यांचा तोल साधणे हे या घडणीचे काम. १९८९ सालची प्रत आजच्या कानाला काहीशी पातळ आणि दबलेली वाटे. २०१० च्या प्रतीत खालचे ठोके भरीव झाले, आणि पूर्वी गर्दीत हरवलेले लहान ध्वनी सुटे ऐकू येऊ लागले. गीतांना मात्र कोणी हात लावला नाही. विशीतल्या ओळी पंचेचाळिशीत सुधारून घेण्याचा मोह पुष्कळ कवींना आवरलेला नाही. रेझ्नर यांनी तो आवरला, हे त्यांच्या इतिहासबुद्धीचे द्योतक आहे. वेष्टनावरील फासळ्यांचे चित्र रॉब शेरिडन यांनी नव्याने रेखिले.

या आवृत्तीत एकच गीत अधिक आहे, आणि ते आपल्याला थेट सातारा जिल्ह्यात आणून सोडते. १९९० साली ‘सिन’ या गीताच्या तबकडीसोबत रेझ्नर यांनी ‘क्वीन’ या इंग्रज संचाचे १९७७ सालचे एक गीत, ‘गेट डाउन, मेक लव्ह’, आपल्या पद्धतीने गायिले होते. तेच येथे अखेरीस जोडले आहे. मूळ गीताचा रचनाकार फ्रेडी मर्क्युरी, म्हणजेच फारुख बलसारा. झांझिबारमध्ये जन्मलेला हा पारशी मुलगा आठव्या वर्षी शिक्षणासाठी पाचगणीस आला, तेथील सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात राहिला, आणि पियानो वाजविणारा विद्यार्थी म्हणून शाळूसोबत्यांच्या पहिल्या संचात बसला. ओहायोतील कारखानी आवाजाच्या या नव्या आवृत्तीचा शेवटचा धागा अशा रीतीने पाचगणीतील एका शाळेपर्यंत पोहोचतो. याहून अधिक जवळीक सांगणे ओढून ताणून होईल. परंतु एवढी सांगण्यास हरकत नसावी.

२०१० च्या आवृत्तीने नेमके काय साधले, याचा विचार सावधपणे केला पाहिजे. रेझ्नर यांना आपले पहिले काम परत मिळाले असे लिहिण्याचा मोह होतो, पण ते खरे नाही. मालकी एका संस्थेकडून अर्थसंस्थेकडे आणि तेथून दुसऱ्या संस्थेकडे गेली; फेरफाराच्या नोंदींत कर्त्याचे नाव चढले नाही. बदलले ते एवढेच, की नव्या मालकाला कळले, कर्त्यावाचून हे धन नुसते पडून राहील. २००५ ची प्रत कायदेशीर होती, परंतु कोणाच्या स्मरणात राहिली नाही; २०१० च्या प्रतीत कर्त्याचा कान होता, म्हणून तिचे स्वागत झाले. कायदा मालकी ठरवितो. तबकडी चांगली वाजेल की नाही हे ठरविण्यास मात्र ज्याने ती रात्री जागून घडविली त्यालाच बोलवावे लागते, हा धडा सावकारी व्यवहारानेच शिकविला, हे विशेष.

हा प्रश्न केवळ अमेरिकेचा नाही. आपल्या देशातही गीतकार-संगीतकारांनी एकरकमी मोबदल्यावर सारे हक्क लिहून द्यावेत आणि उतारवयात आपलीच गाणी गल्लोगल्ली वाजत असताना विपन्नावस्थेत दिवस काढावेत, असे पुष्कळदा घडले. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली, आणि रचनाकाराने हक्क विकले तरी मानधनातील त्याचा वाटा कायदेशीर वारस व कॉपीराइट संस्था यांखेरीज कोणालाही लिहून देता येणार नाही अशी तरतूद करण्यात आली. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत त्यासाठी केलेला आग्रह प्रसिद्ध आहे. ध्वनिमुद्रणाची मालकी कोणाची हा प्रश्न त्याने सुटत नाही. परंतु कसणाऱ्याचा हक्क कागदावर मान्य होण्याची ती सुरुवात तरी आहे.

क्लीव्हलंड शहरी सरोवराच्या काठी १९९५ पासून रॉक संगीताचे एक भव्य स्मारक-संग्रहालय उभे आहे. २०२० साली ‘नाइन इंच नेल्स’चा समावेश तेथील मानकऱ्यांत झाला. महामारीमुळे त्या वर्षीचा समारंभ नेहमीप्रमाणे सभागृहात होऊ शकला नाही. सत्काराची भाषणे दूरचित्रवाणीवरूनच झाली. ज्या शहरातील एका ध्वनिमुद्रणगृहात फरशी पुसून झाल्यावर रिकाम्या वेळी ही गीते जन्मली, त्याच शहराच्या संग्रहालयात आता ती मानाने नोंदली आहेत. त्या नोंदीवर नाव आहे ते कर्त्याचे. ती गीते मधल्या काळात कोणाकोणाच्या पेटीत होती, हे तेथे लिहिलेले नसेल. ते जुन्या करारपत्रांत आणि न्यायालयाच्या दप्तरात शोधावे लागते.